आयडल गती (मोटार इंजिन)

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन ज्या वेगाने फिरत राहते, त्या वेगास आयडल गती म्हणतात. ती मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत, म्हणजे आरपीएममध्ये मोजतात. तापलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात ती सामान्यतः ७०० ते ९०० असते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. 'निष्क्रिय गती' असा शब्दशः प्रतिशब्द करता येईल, पण तो फसवा आहे. या अवस्थेतही इंजिन अल्टरनेटर, तेलाचा पंप आणि एसी चालू असल्यास त्याचा कॉम्प्रेसर ओढत असते.

प्रस्तुत लेखात केबलने थ्रॉटल उघडणाऱ्या जुन्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांतील आयडलच्या बिघाडांचा विचार केला आहे.

कार्य

कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडल स्क्रू फिरवून गती लावता येई. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलची झडप मिटलेली असताना हवा एका बाजूच्या वाटेने इंजिनात जाते आणि त्या वाटेवरील आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या आज्ञेने कमीअधिक उघडतो. एसी लावला की व्हॉल्व्ह थोडा अधिक उघडतो आणि गती टिकते. थंड इंजिनाला गती जास्त लागते. ती किती द्यायची हे ईसीयू कूलंटचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरवरून ठरवते.

बिघाडांची कारणे

गती खाली येऊन सिग्नलला गाडी बंद पडत असेल, तर पहिला संशय काजळीवर घ्यावा. झडपेच्या कडेला आणि आयडल व्हॉल्व्हमध्ये साचलेला काळा थर हवेची वाट अरुंद करतो. गती सतत चढी राहत असेल, तर थ्रॉटलची केबल अडकणे, तापमानाचा सेन्सर इंजिन थंडच असल्याचे सांगत राहणे किंवा कुठून तरी जादा हवा शिरणे ही कारणे संभवतात.

हवेच्या गळतीचा परिणाम मात्र सर्व गाड्यांत सारखा नसतो, आणि निदान बहुधा येथेच चुकते. बॉश कंपनीच्या १९६७ मधील डी-जेट्रॉनिक प्रणालीत मॅनिफोल्डमधील दाब मोजून इंधन ठरवले जाई. (डी हे 'द्रुक' या दाबवाचक जर्मन शब्दाचे आद्याक्षर.) अशा प्रणालीत फाटक्या नळीतून शिरलेली हवाही दाबात मोजली जाते, तिच्या प्रमाणात इंधन मिळते आणि गती वाढते. नंतरच्या एल-जेट्रॉनिकसारख्या, आत येणारी हवा वाटेतच मोजणाऱ्या प्रणालीत गळतीची हवा मोजमापाबाहेर राहते. मिश्रण पातळ होते, इंजिन थरथरते, कधी बंद पडते. म्हणून गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी पाहावे.

गती लाटेसारखी वरखाली होणे ही वेगळी तक्रार. थ्रॉटल मिटलेला असताना फेऱ्या फार वाढल्या की ईसीयू इंधन तोडते. फेऱ्या उतरताच पुन्हा देते. मोठी गळती असल्यास हे चक्र थांबत नाही.

तपासणी

इंजिन पूर्ण तापवून, एसी आणि दिवे बंद ठेवून, मोकळ्या जागी तपासणी करावी. बंद गॅरेजमध्ये धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. प्रथम रबरी नळ्या बोटांनी चाचपाव्यात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांना खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने चिरा पडतात. नंतर एकेक नळी चिमटीने दाबून गतीत फरक पडतो का ते पाहावे. ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची रीत गॅरेजमध्ये रूढ आहे, पण तापलेल्या इंजिनावर आगीचा धोका असल्याने नवशिक्याने ती टाळावी.

ब्रेक बूस्टरची नळी विशेष लक्षपूर्वक पाहावी. ती गळत असेल, तर प्रश्न केवळ आयडलचा राहत नाही. ब्रेकचे पेडल जड होते. इंजिन बंद असताना पेडल चारपाच वेळा दाबून पाय तसाच ठेवावा व इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टरला निर्वात मिळतो आहे.

थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून गती लावण्याचा मोह मात्र आवरावा. बऱ्याच गाड्यांत तो कारखान्यात बसवलेला असतो. झडप जागेवरून हलली की थ्रॉटल सेन्सर 'मिटलेला' हा संकेत देत नाही, आणि काही गाड्यांत ईसीयू आयडलचे नियंत्रणच सोडून देते. मूळ दोष तसाच राहून त्यावर दुसरा चढतो, आणि पुढच्या मेकॅनिकला दोन्ही शोधावे लागतात.