अंगाने बारीक म्हणजे हृदयाने निर्धास्त?

‘अंगावर मांस नाही, मला कसला हार्ट अटॅक येतोय!’ पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याला उत्तरही पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

ही ठेवण जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. त्यांचे स्नायू कमी होते, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे हीच चरबी पोटात साठली, की मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मागोमाग येतात. म्हणून वजनकाट्याइतकंच टेपलाही महत्त्व द्या. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

दुसरा गैरसमज असा, की हृदय रक्तानेच भरलेलं असतं, मग त्याला रक्त कमी कसं पडेल? हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतं खरं, पण त्याच्या जाड स्नायूला कप्प्यांतलं ते रक्त वापरता येत नाही. महारोहिणीच्या मुळाशी निघणाऱ्या, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या दोन धमन्या त्याला रक्त पुरवतात. त्यांच्या अस्तराखाली चरबीचा थर वर्षानुवर्षं साचतो. तो थर फुटला, की त्यावर गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद पडते. फुटणारा थर मोठाच असतो असं नाही. अर्धीसुद्धा न अडलेली धमनी अशी अचानक बंद पडू शकते. मागच्या महिन्यातला ईसीजी नॉर्मल होता, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ते यामुळेच.

‘बीपीचा काही त्रास नाही’ म्हणून गोळी सोडणंही चूकच; वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही.

सर्वांत घातक गैरसमज ‘गॅस झालाय’ हा. डाव्या बाजूला कळ आली तरच हृदयविकार, असं नसतं. बहुतेकदा छातीच्या मधोमध दडपण येतं, ते जबडा, खांदा किंवा हातात पसरतं, दरदरून घाम फुटतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये नुसती धाप किंवा मळमळही असू शकते. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहण्यात किंवा व्हॉट्सॲपवर सांगतात तसं जोरजोरात खोकण्यात मोलाचा वेळ जातो. अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. स्वतः गाडी चालवत निघू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा.