सोळाशे मीटरच्या पुढे: शिपायाच्या दंडावर फीत कशी चढते?

वाशिम-रिसोड रस्त्याने पहाटे पाचला निघालात तर गाडीच्या उजेडात पळणारी मुले दिसतात. मंगरूळपीर, मालेगाव, कारंजा, मानोरा, जिल्ह्यात कुठेही जा, हेच चित्र आहे. बहुतेकांच्या घरी दोन-चार एकर सोयाबीन, नाहीतर तेही नाही. डोक्यात आकडा एकच: सोळाशे मीटर. यात आपल्या वस्तीतील मुले मोठ्या संख्येने आहेत, आणि याचा आम्हाला अभिमान आहे.

विहारातील अभ्यासिकेत ही मुले भेटली की आम्ही त्यांना एक प्रश्न विचारतो. भरती झालात, वर्दी मिळाली, पुढे काय? उत्तर ठरलेले असते: "पुढचं पुढं पाहू." गावात मिरवणूक निघते, सत्कार होतो, स्टेटस लागतात. त्यानंतर हाच मुलगा नायक, हवालदार, सुभेदार होणार की नाही, याची चौकशी कोणी करत नाही. मित्रांनो, आपल्या समाजाला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. का, ते आधी इतिहासातून पाहू.

ही पदे आपण एकदा गमावली आहेत

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. लष्करी शाळेत त्यांनी चौदा वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले. आई भीमाबाईंचे वडीलही सुभेदार मेजर होते. कंपनी सरकारच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून आपल्या लोकांच्या घरात अक्षर पोहोचले, हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवले आहे. ज्या समाजाला गावातील शाळेच्या ओट्यावर बसू दिले जात नव्हते, त्याच समाजातील माणसे पलटणीत इतरांना शिकवत होती आणि हुकूम देत होती.

१८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी जातवार पलटणी बांधल्या. 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला उभी राहिली. आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे आणि तिच्यात देशभरातील सर्व समाजांचे जवान आहेत.

या इतिहासात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वलंगकर हवालदार, रामजी सुभेदार. आपल्या चळवळीच्या पहिल्या पिढीतील ही माणसे साधे शिपाई नव्हती. अर्ज लिहिणे, माणसे गोळा करणे, शिस्तीने उभे राहणे आणि उभे करणे हे त्यांनी पलटणीत शिकले होते. महाडच्या सत्याग्रहातही निवृत्त सैनिकांचा मोठा सहभाग होता. शिपायाचा पगार एका घराला उभे करतो. फीत मिळवलेला माणूस गावी परततो तेव्हा सोबत माणसे सांभाळण्याची विद्या घेऊन येतो.

पदांची उतरंड

शिपायानंतर लान्स नायक, एक फीत. मग नायक, दोन फिती. मग हवालदार, तीन फिती. या तिघांना एनसीओ म्हणतात. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर, म्हणजे जेसीओ. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत.

पायदळात सुमारे दहा जवानांचा एक सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. सेक्शन हवालदाराच्या किंवा नायकाच्या हाती असतो. मोठा अधिकारी नकाशावर योजना आखतो. पण त्या दहा जणांना "तू इथे पड, तू तिथून फायर दे" हे सांगणारा माणूस फीतवालाच असतो.

याचे महाराष्ट्रातील मोठे उदाहरण म्हणजे नायक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे खोरे. बावीस वर्षांचे घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका सेक्शनचे कमांडर होते. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधील सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले, मोर्चा मोडला आणि तिथेच त्यांना मरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा माणूस पदाने नायक होता. फीत देताना सैन्य हेच पाहते: वर हुकूम देणारा कोणी उरला नाही तर हा माणूस काय करील?

फीत मिळण्याआधी काय कमवावे लागते?

अटी शाखेनुसार आणि काळानुसार बदलतात. जागा रिकामी असावी लागते, ज्येष्ठताही मोजली जाते. पण ज्येष्ठता तुम्हाला रांगेत उभे करते, एवढेच. नंबर आल्यावर पुढे जायचे की रांगेतच राहायचे, हे खालील गोष्टी ठरवतात.

पहिली, केडर. बढतीआधी युनिटमध्ये प्रमोशन केडर घेतले जाते. त्यात ड्रिल, हत्यारांचे ज्ञान, फील्डक्राफ्ट, सेक्शनची लढाईतील हालचाल आणि शिकवण्याची कला तपासली जाते. स्वतः रायफल उघडून जोडता येणे पुरेसे नाही. समोरच्या दहा जणांना ते समजावून सांगता आले पाहिजे. इथे आपली अनेक मुले अडखळतात. हात चालतो, पण तोंड उघडत नाही.

दुसरी, नकाशा. सैन्यात नकाशा वाचनाच्या परीक्षा पायरीपायरीने असतात आणि त्या बढतीशी जोडलेल्या असतात. समोच्च रेषा पाहून टेकडी कुठे चढी आहे ते ओळखणे, होकायंत्रावरून दिशेचा कोन काढणे, सहा आकडी ग्रिड संदर्भावरून १०० मीटरच्या आत ठिकाण सांगणे, हे त्यात येते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. हे गणित सातवी-आठवीचे आहे. पण ज्याने शाळेत भूगोलाचे पुस्तक उघडलेच नाही, त्याला ते डोंगराएवढे वाटते.

तिसरी, शिक्षण. पूर्वी सैन्याची स्वतःची तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या श्रेणीची शैक्षणिक प्रमाणपत्रे होती आणि वरच्या पदासाठी वरची श्रेणी लागे. आता मुले दहावी-बारावी होऊनच येतात. तरी अहवाल लिहिणे, हजेरी आणि साहित्याचा हिशेब ठेवणे, लेखी परीक्षा देणे चुकत नाही.

चौथी, भाषा. पलटणीचा व्यवहार हिंदीत चालतो. सेक्शन कमांडरला तोंडी हुकूम क्रमाने द्यावा लागतो: जमीन कशी आहे, शत्रूची काय खबर आहे, आपले काम काय, कोण काय करणार, दारूगोळ्याची व्यवस्था काय, इशारा कोणता. आपली वऱ्हाडी गोड आहे, तिची लाज बाळगू नका. पण सुट्या, स्पष्ट हिंदीत दहा वाक्ये न अडखळता बोलण्याचा सराव आजपासून करा.

पाचवी, शरीर. भरतीच्या सोळाशे मीटरवर हे संपत नाही. लढाऊ साहित्य अंगावर घेऊन ५ किलोमीटर धाव, दोरावर चढणे, ९ फुटी खंदक ओलांडणे अशा चाचण्या सेवेत पुन्हा पुन्हा होतात. वैद्यकीय श्रेणी घसरली तर बढती अडू शकते. सैन्यात पूर्ण तंदुरुस्तीला 'शेप वन' म्हणतात. दारू आणि तंबाखू ती कशी खातात, हे वेगळे सांगायला नको.

सहावी, वागणूक. रजेवरून उशिरा परतणे, मारामारी, नशेत सापडणे यांची शिक्षा कागदावर चढते. जवान तिला 'रेड एन्ट्री' म्हणतात. वरच्या पदांसाठी गोपनीय अहवाल पाहिले जातात, तेव्हा विसाव्या वर्षी केलेला एक मूर्खपणा पस्तिसाव्या वर्षी समोर येऊ शकतो.

एक गैरसमजही दूर करू. ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर एमएसीपी योजनेत वरचा वेतनस्तर मिळतो. "पगार तर वाढतोच, मग केडर कशाला?" असे काही जण म्हणतात. पगार वाढतो, पद वाढत नाही. शिपाई म्हणूनच राहिलेला जवान लवकर निवृत्त होतो. वरच्या पदाबरोबर सेवेची वर्षे आणि निवृत्तिवेतनही वाढते.

अग्निवीरांसाठी प्रश्न आणखी जवळचा

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षांसाठी असतो आणि त्याचे पद वेगळे असते. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. फितीची वाट त्यानंतरच सुरू होते. म्हणजे पूर्वी ज्या तयारीला आठ-दहा वर्षे मिळत, तिचा पाया आता पहिल्या दिवसापासून घालावा लागतो. चार वर्षांची कामगिरी मोजली जाते, त्यामुळे चाचण्या आणि शिस्त यांतील प्रत्येक नोंद महत्त्वाची ठरते.

लष्करी पोलिस दलात मुलींची भरती सुरू झाली आहे. तिथेही पदांच्या पायऱ्या याच आहेत. आणि ज्यांची झेप मोठी आहे त्यांच्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेजचा मार्ग आहे. सेवेतील बारावी उत्तीर्ण जवान परीक्षा आणि एसएसबी मुलाखत पार करून थेट कमिशन्ड अधिकारी होऊ शकतो.

बौद्ध तरुणाने हुकूम द्यावा का?

काही उपासक आम्हाला विचारतात, पंचशील घेणाऱ्याने हत्यार का धरावे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. हा फरक सेक्शन कमांडरइतका रोज कोणाला जगावा लागत नसेल. 'फायर' म्हणणारा तोच, 'फायर बंद' म्हणणारा तोच. रागावलेल्या दहा सशस्त्र तरुणांना आवरणे हे त्याचेच काम. ज्याचे स्वतःच्या मनावर राज्य नाही, त्याच्या हाती दहा रायफली देणे धोक्याचे आहे. म्हणून शील आणि फीत एकमेकांच्या आड येत नाहीत. शील असलेल्या माणसाच्याच दंडावर फीत असावी.

आपण काय करू शकतो?

वाशिम जिल्हा नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. भरतीची माहिती व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना मिळते. बढतीची माहिती मात्र कोणी देत नाही. ती आपल्याच निवृत्त हवालदार-सुभेदार काकांकडे आहे. सत्काराच्या शालीपुरते त्यांना बोलावू नका. महिन्यातून एका रविवारी विहारात बसवा. एक नकाशा, एक होकायंत्र आणि एक फळा पुरेसा आहे. एकेका मुलाला उभे करून पाच मिनिटे हिंदीत शिकवायला सांगा. सेवेत असलेली मुले रजेवर आली की त्यांना विचारा: केडर झाले का, नकाशाची परीक्षा दिली का?

सोळाशे मीटर पळणाऱ्या प्रत्येक मुलाला आमचा जय भीम. पण पळून आल्यावर, घाम वाळायच्या आत, एक तास पुस्तक उघडा. रामजी सुभेदारांच्या घरात पुस्तक होते, म्हणून त्या घरात बाबासाहेब घडले.