जमा, नावे आणि चार श्रेयांक

मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो तेही मराठी घेऊन. आकड्यांशी माझा संबंध वीजबिलापुरता आणि कविसंमेलनाच्या वर्गणीपुरता. तेव्हा हिशेबाच्या परीक्षेवर मी बोलावं हे ऐकून आमच्या हिंगणघाटच्या मित्रमंडळींना हसू आलं. पण गेलं दीड वर्ष आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर खतावणी आणि तेरीज याच गोष्टी चालल्या आहेत. त्याला कारण माझी भाची.

बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं. सहा वर्षं गेली. मग ती एका हार्डवेअरच्या दुकानात बिलं करायला लागली आणि तिथल्या आकड्यांनीच तिला पुन्हा कॉलेजात नेलं. बी. कॉम.ला नाव घातलं. सकाळचं कॉलेज, अकरापासून दुकान. दुसऱ्या वर्षाला लेखाकर्माचा एक विषय असा आला की त्याचे तास नेमके दुकानाच्या वेळेत. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, तिच्या पगारावर धाकट्या भावाची फी होती. मग कुणीतरी तिला सांगितलं, अगं, हा विषय घरी बसून शिक, परीक्षा दे, त्याचे श्रेयांक कॉलेजात जमा होतात.

हे खरं आहे. कसं ते सांगतो, कारण आपल्याकडे पुष्कळ पालकांना अजून याचा पत्ता नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता वर्षांत कमी आणि श्रेयांकांत जास्त मोजली जाते. श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या कष्टाचं माप. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकाला ३० तास धरले आहेत आणि एका वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तासांचं काम. रोज दीड तास बसलं तर ऐंशी दिवस. हे गणित मी भाचीला पहिल्याच दिवशी करून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "मामू, ऐंशी दिवसांत आपल्याकडे दोन लग्नं आणि एक ईद येते." त्यामुळे आम्ही शंभर धरले.

शिकायचं कुठून? केंद्र सरकारनं २०१७ साली 'स्वयम्' नावाची व्यवस्था सुरू केली. देशभरातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं त्यावर आहेत, त्यांत वाणिज्याचीही आहेत. ऐकायला आणि वाचायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र फी भरून, केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. दर आठवड्याला घरून सोडवायचं काम असतं, त्याचेही गुण धरतात. वर्षातून दोन सत्रं, जानेवारीचं आणि जुलैचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एखाद्या अभ्यासक्रमातले एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय असे घेता येतात. मिळालेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या खात्यात पडतात. बँक म्हटलं तरी तिथं पैसे नसतात, श्रेयांक असतात. साधारणपणे सात वर्षांपर्यंत ते टिकतात, मधे शिक्षण सुटलं तरी. ज्या मुलींचं शिक्षण लग्नानं किंवा घरच्या अडचणीनं तुटतं त्यांच्यासाठी ही सात वर्षं फार मोलाची आहेत.

आता आमचं कुठं चुकलं ते सांगतो. भाचीनं विषय निवडला, नाव नोंदवलं, रात्री जागून व्याख्यानं ऐकली, नागपूरला जाऊन परीक्षा दिली, पास झाली. प्रमाणपत्र घेऊन कॉलेजच्या खिडकीशी गेली. तिथं तिला विचारलं, आधी परवानगी घेतली होती का? नव्हती. हा विषय आमच्या मंजूर यादीत नाही, हे श्रेयांक धरता येणार नाहीत. ती घरी आली आणि पिशवी ठेवून सरळ भांडी घासायला बसली. बोलली नाही. माझ्या बहिणीनं मला फोन केला.

मी रागात कॉलेजात गेलो. खरं सांगायचं तर माझी चूक मला तिथंच कळली. नियम आधीपासून होता: कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी चालेल हे संस्थेनं सत्राच्या आधी ठरवायचं असतं आणि विद्यार्थ्यानं आधी विचारायचं असतं. मात्र हे कुठल्याही फलकावर ठळक लावलेलं नव्हतं, प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलंही नव्हतं. सहा वर्षांनी शिक्षणात परतलेल्या मुलीला 'मॅपिंग' हा शब्द कुठून ठाऊक असणार?

अमेरिकेतही असाच मामला आहे. तिथं 'क्लेप' नावाची परीक्षा १९६७ पासून चालते. एकही तास न बसता, स्वतः अभ्यास करून 'फायनान्शियल अकाउंटिंग'चा पेपर द्यायचा, २० ते ८० या मापावर ५० मिळाले तर बहुतेक ठिकाणी तीन श्रेयांक. पण कोणतं कॉलेज किती गुणांना किती श्रेयांक देईल ते त्या त्या कॉलेजनं ठरवायचं. तिथल्याही जाणत्या मंडळींचा सल्ला हाच: फी भरायच्या आधी कॉलेजला विचारा, लेखी विचारा.

आपल्याकडे घरी बसून हिशेब शिकण्याची वाट काही आजची नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं आणि मराठीतून, स्वतः वाचून समजतील अशी पुस्तकं घेऊन ते गावोगाव पोचलं. श्रेयांक हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच पुस्तकाच्या पाठीवर वाचला. शिवाय सहकार खात्याची 'जी. डी. सी. अँड ए.' ही परीक्षा आहे. पतसंस्थांतले, सोसायट्यांतले कितीतरी कर्मचारी दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून तिचे सहा पेपर देतात आणि सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक होण्याची वाट धरतात. तिचे श्रेयांक कॉलेजात मिळत नाहीत, पण पोट भरतं.

आणि वर्धा जिल्ह्यात बसून हे बोलताना एक गोष्ट राहून चालणार नाही. सेवाग्रामचे बापू १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी. दावा ४० हजार पौंडांचा आणि सगळा हिशेबाचा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधींना जमाखर्च कळेना. त्यांनी आत्मकथेत मोकळेपणानं लिहिलं आहे की मग त्यांनी जमाखर्चाचं एक पुस्तक विकत घेतलं आणि ते वाचून काढलं, तेव्हा कुठं धीर आला. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "त्यांना परवानगी लागली नव्हती ना?"

दुसऱ्या वेळी आम्ही अभ्यासाची पद्धत बदलली. पहिल्या खेपेला तिनं प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. पास झाली, पण दुकानाचा मालक एखादी नोंद दाखवून 'का?' म्हणाला की गोंधळायची. आता ठरलं की रोज शिकलेलं मला समजावून सांगायचं. मला कळलं तर कोणालाही कळेल, असा त्यात हिशेब.

माझी पहिलीच अडचण पासबुकाची. मी म्हटलं, बँकेत पैसे भरले की पासबुकात 'जमा' लिहितात. मग तू माझ्या वहीत बँकेच्या खात्याला 'नावे' का टाकतेस? ती म्हणाली, मामू, पासबुक तुमच्याजवळ असतं, पण ती वही बँकेची. बँकेच्या नजरेतून तुम्ही देणारे, म्हणून तुमच्या खाती जमा. तुमच्या वहीतून पाहिलं तर बँक घेणारी, म्हणून बँकेच्या नावे. एकच व्यवहार, दोन वह्या, दोन बाजू. पन्नाशी उलटेपर्यंत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं एक लहानसं दुकान कागदावर काढलं. मालकानं १०,००० रुपये भांडवल आणलं: रोकड नावे, भांडवल जमा. वर्ध्याच्या व्यापाऱ्याकडून ४,००० चा माल उधारीवर घेतला: खरेदी नावे, व्यापारी जमा. २,५०० ची रोख विक्री झाली: रोकड नावे, विक्री जमा. ५०० भाडं दिलं: भाडं नावे, रोकड जमा. आता बाक्या काढा. नावेकडे रोकड १२,०००, खरेदी ४,०००, भाडं ५००, एकूण १६,५००. जमेकडे भांडवल १०,०००, व्यापारी ४,०००, विक्री २,५००, एकूण १६,५००. हीच तेरीज. प्रत्येक रुपया दोनदा लिहिला जातो, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. इटलीतल्या व्हेनिसला १४९४ साली लुका पाचोली या धर्मगुरूनं ही पद्धत छापील पुस्तकात मांडली. व्यापारी तिच्याआधीपासून ती वापरत होतेच.

तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तर दोन्ही बाजूंना तो नसतो आणि तेरीज खुशाल जुळते. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो आणि मुलं हमखास चुकतात.

न जुळली तर? इथं माझी फजिती सांगतो. आमच्या संमेलनाच्या जमाखर्चात २७० रुपयांचा फरक येत होता. मी तीन रात्री तो शोधला. शेवटी खिशातून भरून टाकायचं ठरवलं. भाची म्हणाली, थांबा, २७० ला नऊनं भाग जातो, म्हणजे कुठंतरी आकड्यांची उलटापालट असेल. पाच मिनिटांत सापडलं: मांडववाल्याला दिलेले ६३० मी ३६० असे लिहिले होते. तिचं दुसरं सूत्र असं की फरकाचा निम्मा करून तो आकडा वहीत शोधायचा. ८५० चा फरक असेल आणि ४२५ ची नोंद दिसली तर ती चुकीच्या बाजूला पडली असण्याचा संभव मोठा. मी कविता तपासतो तेव्हा अशी सूत्रं हाताशी नसतात, याची मला त्या दिवशी जरा हळहळ वाटली.

शब्दांच्या बाबतीत मात्र मी तिचा गुरू झालो. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके घरचे झाले की शिवकाळात राज्यव्यवहारकोश होऊन कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी वाण्याच्या वहीतून हे हलले नाहीत. उर्दूच्या व्याकरणात 'जमा' म्हणजे अनेकवचन. हे सांगितल्यावर तिनं नावे-जमेत चूक केली नाही, असं मी म्हणत नाही, पण हसली खरी. कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती, हेही मी तिला विचारलं. ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे: मुदतीचं देणं असेल तर लिहून ठेवा, लिहिणारा न्यायानं लिहो, साक्षीदार ठेवा. माझे वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीची वही उघडताना ते 'बिस्मिल्ला' म्हणायचे आणि शेठजींनी वर 'श्री' काढलेला असायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

पोरीला एकटीनं अभ्यास करताना सगळ्यांत जड काय गेलं, तर बसणं. व्हिडिओ पाहिला की शिकल्यासारखं वाटतं. हिशेब हा मात्र हातानं शिकायचा विषय आहे, पोहण्यासारखा. तिनं शंभर पानी दोन वह्या संपवल्या. एक उदाहरण सोडवून झालं की उत्तर न पाहता तेच पुन्हा करायचं, आणि चुकलेल्या उदाहरणांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर. तिथं घसारा सात वेळा लिहिलेला मी पाहिला आहे.

यंदा मात्र आम्ही आधी कागद केला. सत्र सुरू व्हायच्या आधी प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यात विषयाचं नाव, श्रेयांक, कोणत्या विषयाच्या जागी हवा ते, सोबत अभ्यासक्रमाची छापील प्रत. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. पंधरा दिवसांनी विषय यादीत आहे असं लेखी आलं, मगच नोंदणी. श्रेयांकाच्या खात्यातलं नाव आणि कॉलेजातलं नाव अक्षरशः एकच आहे ना, तेही पाहिलं. आमच्यात एकाच मुलीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, आणि श्रेयांक अडकायला तेवढं पुरतं.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी तिच्यासोबत नागपूरला गेलो. ती आत गेली आणि मी बाहेर टपरीवर तीन चहा घेतले. बाहेर आल्यावर तिनं पेपर कसा गेला ते सांगितलं नाही. "एक तेरीज जुळली नाही, पण का नाही ते कळलं," म्हणाली. परवा दुकानातून तिचा फोन आला: मामू, खात्यात चार पडले. जुने चार अजून तसेच बाहेर आहेत, त्यांचं काय होतं ते पाहायला ती पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खिडकीशी जाणार आहे.