यंत्राच्या उताऱ्यातली दुरुस्ती

२००७ साली सायखेड्यात टायपिंग आणि फॉर्म भरण्याचं दुकान टाकलं, तेव्हा काउंटरच्या मागे भिंतीवर लाईट जाण्याचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. गोदावरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चांदोरी. दोन्हीकडे लाईट एकदम जायची आणि बाजारपेठेतले जनरेटर एकामागोमाग धडधडू लागायचे. माझ्याकडे जनरेटर नव्हता. नाशिकहून सेकंडहँड घेतलेला एक लॅपटॉप होता आणि त्याच्या बॅटरीवर दुपार काढायची होती.

त्यात लिनक्स घातलं होतं. विंडोजची अधिकृत प्रत परवडणारी नव्हती, आणि पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनी चोरीच्या प्रतीचा पार चोथा केला होता. उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी तेव्हा मागितली की परदेशातून पोस्टाने घरपोच, फुकट यायची. ती योजना २००५ ते २०११ चालली. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा त्यालाही ते उघडून बघायचं होतं.

सगळं सुरू झालं, पण बॅटरीचं चिन्ह दिसेना. बॅटरी चालायची, मात्र किती उरली ते कळायचं नाही. समोर माणूस बसलेला, अर्ज अर्धा टाइप झालेला, आणि पडदा एकाएकी काळा. "भाऊ, लाईट जायच्या आत काढा बरं," असं म्हणून बसलेला शेतकरी परत सायकल मारत गावी जायचा. मला या प्रकाराची फार लाज वाटायची.

लॉगमध्ये मात्र एक ओळ दर वेळी येत होती: एई एएमएल बफर लिमिट. ती ओळ धरून मागे जाता जाता मी जिथे पोचलो, त्या जागेचा गेल्या अठरा-वीस वर्षांचा हा मागोवा.

प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये त्या यंत्राचा एक उतारा असतो. त्याला मी पहिल्यापासून यंत्राचा सातबारा म्हणत आलो. बॅटरी कोणत्या पत्त्यावर, पंखा कोण फिरवतो, झाकण मिटल्याची खबर कुठून येते, तापमान कुठे वाचायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तापमान तर केल्विनच्या दहाव्या भागात. तीन हजार दहा असा आकडा आला की समजायचं, जेमतेम अठ्ठावीस अंश सेल्सिअस. या उताऱ्यातल्या मुख्य कोष्टकाचं नाव डीएसडीटी आणि सगळ्या व्यवस्थेचं नाव एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी डिसेंबर १९९६मध्ये तिची पहिली आवृत्ती काढली. त्याआधीच्या एपीएममध्ये वीज वाचवण्याचा कारभार चिपमधलं बायोस परस्पर उरकायचं, ऑपरेटिंग सिस्टिमला धड पत्ता लागत नसे. नवी कल्पना चांगली होती: बनवणाऱ्याने यंत्राचं वर्णन लिहून द्यावं, निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यावा.

अडचण अशी की हे कोष्टक नुसती यादी नाही. त्यात छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. बॅटरीची माहिती मागितली की ऑपरेटिंग सिस्टिमला त्यातला प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि प्रोग्रॅम म्हटला की चूक आलीच. कोष्टकाच्या सुरुवातीला ३६ बाइटांचं मथळ्याचं खोकं असतं. नाव, लांबी, बनवणाऱ्याची खूण, आवृत्तीचा आकडा, आणि सगळ्या बाइटांची बेरीज २५६ने भागली की बाकी शून्य यावी म्हणून घातलेला एक बाइट. त्याच खोक्यात कोणत्या कंपायलरने कोष्टक तयार केलं त्याची चार अक्षरं असतात. इंटेलचा कंपायलर कडक मास्तर, मायक्रोसॉफ्टचा मनाने सैल. सैल कंपायलरने पास केलेली आणि विंडोजवर एकदा चालवून पाहिलेली कोष्टकं कारखान्यातून तशीच बाहेर पडत. विंडोज चूक पोटात घालायचं, लिनक्स अडायचं. ग्राहक म्हणायचा, लिनक्स वाईट.

हे मुद्दाम केलं जातं, असा संशय तेव्हा सगळीकडे होता. त्याला आधारही होता. बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९मध्ये लिहिलेला एक ईमेल पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून उघड झाला. आपण आणि आपल्या भागीदारांनी एसीपीआयवर कष्ट करायचे आणि फायदा आयता लिनक्सला मिळायचा, याबद्दलची नाराजी त्यात स्पष्ट आहे. पण आजवर मी जेवढी कोष्टकं उघडली, त्यांत मला कपट दिसलं नाही. दिसली ती घाई. कुणीतरी जुन्या मॉडेलचं कोष्टक उचललं, दोन जागी बदललं, तिसरी जागा राहून गेली.

माझ्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच झालं होतं. एका रात्री कोष्टक चिपमधून उतरवून घेतलं, इंटेलच्या आयएएसएल या कंपायलरने उलटं करून वाचण्याजोगं केलं, तर साडेसात हजारांवर ओळी निघाल्या. बॅटरीचं वर्णन देणाऱ्या पद्धतीत तिचं नाव ठेवायला आठ बाइटांची जागा राखलेली होती, आणि खालचं चक्र त्यात नववा बाइट लिहायला जात होतं. लिनक्स त्या क्षणी पद्धतच सोडून देत होतं आणि बॅटरी नाहीच असं धरून चालत होतं. आठाच्या जागी सोळा लिहिले. साडेसात हजार ओळींत एक आकडा! पुन्हा कंपाइल केलं, शून्य चुका.

पण दुरुस्त कोष्टक कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, गळी उतरवायचं कसं? चिपमध्ये लिहिण्याची हिंमत नव्हती. बायोस बिघडलं तर लॅपटॉप म्हणजे पाटा. कर्नेलमध्ये मात्र एक सोय होती: कर्नेल कंपाइल करतानाच आपलं कोष्टक त्यात घालायचं. चिपमधला उतारा तसाच राहायचा, कर्नेल वाचायचं ते आपलं. फेरफार नोंदीसारखंच ते, मूळ दप्तर न फाडता. त्या यंत्रावर कर्नेल कंपाइल व्हायला चार-पाच तास लागायचे आणि आमच्याकडे सलग चार-पाच तास लाईट असायची ती मध्यरात्रीनंतर. तरी लाईट जायचीच. बरं एवढंच की काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू व्हायचं, झालेलं पुन्हा करावं लागायचं नाही. तिसऱ्या रात्री पहाटे बॅटरीचं चिन्ह उमटलं: ६२ टक्के. घरचे सगळे झोपलेले. मी अंगणात येऊन उभा राहिलो. कुणाला सांगणार?

कर्नेलची नवी आवृत्ती आली की हा सगळा खटाटोप पुन्हा. त्यामुळे लोकांनी दुसरी वाट काढली होती. सुरुवातीला मेमरीत उतरणाऱ्या इनिटआरडी या गाठोड्यात कोष्टक ठेवायचं, कर्नेलने ते तिथून उचलायचं. उबुंटू आणि सुसे या लिनक्स वितरणांनी हे ठिगळ आपापल्या कर्नेलला लावलंही. २००८च्या सुरुवातीला ते मूळ कर्नेलमध्ये घेतलं गेलं आणि २.६.२५ प्रकाशित होण्याआधीच काढूनही टाकलं. कारण रास्त होतं. कोष्टक इतक्या लवकर लागतं की फाइल वाचण्याची यंत्रणाच तोवर जागी झालेली नसते, आणि तिला आधी उठवायला गेलं की बाकीचा क्रम कोलमडतो. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, काढलं ते बरंच केलं.

त्याच सुमारास एक मोठा धडाही मिळाला. दुरुस्त कोष्टकं लोक एकमेकांना देत असत. मॉडेल तेच, मग कोष्टकही तेच, असं गृहीत धरून मीही पिंपळगावच्या एका मित्राला माझं कोष्टक दिलं. त्याचं यंत्र सुरूच होईना. काही कोष्टकांत मेमरीच्या आकारावर अवलंबून असलेले पत्ते असतात. त्याच्याकडे मेमरी दुप्पट होती. शेजारच्याचा उतारा लावून आपली विहीर सापडत नाही! त्या दिवसापासून ज्याचं कोष्टक त्याच्याच यंत्रातून उतरवून घेतो.

कर्नेल लिहिणाऱ्यांची भूमिकाही याच काळात पक्की होत गेली. कोष्टकं विंडोजचं नाव विचारत. 'विंडोज २००१' म्हणजे एक्सपी, '२००६' म्हणजे व्हिस्टा, '२००९' म्हणजे सात. लिनक्स या सगळ्या नावांना होकार द्यायचं, कारण तीच वाट कारखान्यात तपासलेली असायची. कोष्टकाने 'लिनक्स आहेस का' असं विचारलं तर मात्र २००७च्या २.६.२३ या आवृत्तीपासून ते नाही म्हणू लागलं. स्वतःचं नाव नाकारायचं म्हणजे काय, असं मनात आलं. पण बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी म्हणून ठेवलेली वाट बहुधा सगळ्यात कमी तपासलेली असे. विंडोजला चालतं ते आम्हाला चाललं पाहिजे, चुकांसकट, हे धोरण त्यांनी घेतलं आणि तडीस नेलं. मग एकेकाने घरी कोष्टक दुरुस्त करण्याची गरजच कमी होत गेली. जिथे कोष्टक उघड चुकीचं असेल तिथे कर्नेल लॉगमध्ये 'फर्मवेअर बग' असा शिक्का मारून पुढे जाऊ लागलं. दोष कुणाचा, ते निदान लिहिलेलं राहू लागलं.

इनिटआरडीची वाट रीतसर परत आली ती फेब्रुवारी २०१३मध्ये, ३.८ या कर्नेलमध्ये. सुसेचे थॉमस रेनिंगर यांनी ती बांधली, आणि या वेळी जुनी अडचण मुळातून सोडवलेली होती. कोष्टक न दाबलेल्या गाठोड्यात, ठरलेल्या 'कर्नेल, फर्मवेअर, एसीपीआय' या कप्प्यात ठेवायचं आणि ते गाठोडं इनिटआरडीच्या पुढे जोडायचं. कर्नेल फाइल उघडत नाही, मेमरीतले बाइट थेट वाचतं. एक अट असते: मथळ्यातला आवृत्तीचा आकडा चिपमधल्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर कर्नेल आपलं कोष्टक बाजूला ठेवतं. दुरुस्ती लागली की कर्नेल स्वतःवर 'ए' या अक्षराचा डाग लावून घेतं, म्हणजे पुढे तक्रार आली तर वाचणाऱ्याला कळावं की इथे मालकाने उतारा बदललेला आहे. चार-पाच तासांचं काम दोन मिनिटांवर आलं.

२ ऑगस्ट २०१६ला गोदावरीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. लॅपटॉप माळ्यावर टाकता आला, कोष्टकांची वही राहिली ती राहिलीच. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राचं टिपण तिच्यात होतं. पाणी ओसरल्यावर शाई वाहून गेलेली पानं दोरीवर वाळत घातली. नंतर सगळी कोष्टकं पेनड्राइव्हवर घेतली, त्यामुळे २०१९च्या ऑगस्टच्या पुरात निदान तेवढी वाचली.

२०१७ला सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं, तेव्हा संगणकात उतारे चढवताना झालेल्या चुका गावोगाव बाहेर आल्या. क्षेत्रात शून्य जास्त, नावात अक्षर कमी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज टाइप करून घ्यायला दुकानात रांग लागली. त्या दिवसांत मला माझं कोष्टकांचं काम पहिल्यांदा गावच्या माणसांना समजावून सांगता आलं. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून मागायचा हक्क मालकाला आहे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. यंत्राचंही तसंच आहे, एवढंच मी म्हटलं.

हा हक्क बजावल्याने काय होतं, ते पुढच्याच वर्षी दिसलं. लेनोव्होच्या एक्स वन कार्बनच्या सहाव्या पिढीत झाकण मिटल्यावर खरी गाढ झोप घेण्याची सोयच कोष्टकातून वगळलेली होती. लिनक्सवर बॅगेत ठेवलेला लॅपटॉप बॅटरी खात राहायचा. वापरणाऱ्यांनी कोष्टक दुरुस्त करून ती झोप परत आणली, आणि त्याच वर्षी कंपनीने बायोसच्या नव्या आवृत्तीत 'लिनक्स' असा झोपेचा पर्याय दिला. घरी केलेली दुरुस्ती कारखान्यापर्यंत पोचली. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे.

आणि नंतर कुलूप आलं. २०१९अखेर कर्नेल ५.४मध्ये लॉकडाउन नावाची व्यवस्था आली. बऱ्याच वितरणांत सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू न होऊ देणारी सोय, चालू असलं की ती लागू होते, आणि मग कर्नेल आपलं कोष्टक घेतच नाही. भीती खोटी नाही. कोष्टकातला प्रोग्रॅम मेमरीत कुठेही लिहू शकतो. २०२०मध्ये एका संशोधकाने अशाच कोष्टकाच्या वाटेने हे कुलूप उघडून दाखवलं, आणि ती भोकं बुजवावी लागली. चोरासाठी कुलूप हवं, हे मला मान्य आहे. पण किल्ली मालकाच्या हाती राहिली पाहिजे. आज ती आहे: सिक्युअर बूट बायोसमध्ये जाऊन बंद करता येतं. ज्या दिवशी तो पर्यायही दिसेनासा होईल, त्या दिवशी माझ्यासारख्याला चुकीचा उतारा घेऊन गप्प बसावं लागेल, आणि ते मी आपणहून कधी स्वीकारणार नाही.

मागच्या महिन्यात बारावीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. झाकण उघडलं की पडदा काळाच राहायचा. लॉगमध्ये 'फर्मवेअर बग' चार वेळा. "काका, हे माझ्यामुळे झालं का?" तिने विचारलं. नाही म्हटलं, बस. कोष्टक उतरवलं, झाकणाची पद्धत शोधली, एका फांदीत उत्तर परत देणंच राहून गेलेलं. ती ओळ तिनेच टाइप केली. सिक्युअर बूट बंद केलं, गाठोडं जोडलं, यंत्र चालू केलं. काहीच फरक नाही. तिचा चेहरा उतरला. मी मथळ्यावर बोट ठेवलं. आवृत्तीचा आकडा वाढवायचा राहिला होता. तिने एकाचा दोन केला.