पाबळचा विज्ञान आश्रम: कातळ, कार्यशाळा आणि शाळा

चाकणच्या पूर्वेस, राजगुरुनगरहून शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव आहे. मस्तानीच्या कबरीमुळे इतिहासप्रेमींना ते ठाऊक असते. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण मात्र १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तेथे सुरू केलेला विज्ञान आश्रम हे आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्तान लिव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात दीर्घकाळ काम केलेले कलबाग मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन पत्नी मीराताईंसह या अवर्षणप्रवण गावी राहायला आले. गाव निवडण्यामागचा त्यांचा हिशेब प्रयोगशाळेत मुरलेल्या माणसाचा होता: ज्या गावाला धरणाचे, शहराचे किंवा खास पिकाचे पाठबळ नाही, तेथे एखादी पद्धत टिकली तर ती इतरत्रही टिकण्याचा संभव अधिक. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून आश्रमाचे काम सुरू झाले.

ग्रामीण तंत्रज्ञानाच्या बहुतेक योजना आधी यंत्र तयार करतात आणि मग ते खेड्यात कसे न्यावे याचा विचार करतात. कलबागांनी आरंभ शाळेपासून केला. मूल हाताने काम करताना स्वाभाविकपणे शिकते, आणि शाळा सोडलेला मुलगा बुद्धीने कमी असतो असे नव्हे, तर खडू-फळ्याच्या शिक्षणात त्याच्या बुद्धीला वावच मिळत नाही, ही त्यांची धारणा होती. हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या गांधीजींच्या नई तालीमशी तिचे नाते उघड आहे. फरक एवढाच की येथे सूतकताईच्या जागी वेल्डिंग, वीजजोडणी, मातीपरीक्षण आणि रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी आली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग करून आश्रमाने दोन अभ्यासक्रम घडवले. त्यांतील एक मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम असून त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. दुसरा माध्यमिक शाळांसाठीचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय असून तो आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस शिकतात.

या दुसऱ्या अभ्यासक्रमातील एक व्यवस्था फारशी चर्चिली जात नाही, पण सर्वांत चतुर तीच आहे. कार्यशाळेतील निदेशक शक्यतो गावातलाच कारागीर किंवा छोटा उद्योजक असावा, त्याने शाळेच्या वेळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळी त्याच अवजारांवर स्वतःचा धंदा करावा, अशी कल्पना तिच्यामागे आहे. वापराअभावी गंजणे हा शालेय अवजारांचा नेहमीचा रोग त्यामुळे टळतो, आणि मुलांना शिकवणारा माणूस त्या कामावर खरोखर पोट भरणारा असतो.

स्थानिक निसर्ग, उपकरण आणि पाठ्यपुस्तक यांची सांगड आश्रमाच्या ज्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते, ते काम भूजलाच्या शोधाचे आहे. हा सारा प्रदेश दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक थिजून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. अखंड कातळात पाणी जवळजवळ नसते. ते साठते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या झिजलेल्या सच्छिद्र थरात. त्यामुळे एका शेतात विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या शेतात फुफाटा निघतो, आणि शेतकरी दुबेळक्याची काठी किंवा हातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यावर भरवसा ठेवतो. आश्रमाने या कामासाठी जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मोजणारे स्वस्त उपकरण वापरात आणले. चार पोलादी सळया एका रेषेत समान अंतरावर ठोकून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा, मग सळयांमधले अंतर वाढवत न्यायचे, म्हणजे प्रवाह अधिकाधिक खोल उतरतो, अशी ही पद्धत आहे. ओला, भेगाळ थर कमी रोधकता दाखवतो आणि कोरडा कातळ जास्त. गणित ओहमच्या नियमापलीकडे फारसे जात नाही. जो नियम वर्गात परीक्षेपुरता पाठ होतो, त्यावर येथे एखाद्या शेतकऱ्याचा विहिरीचा खर्च अवलंबून असतो. चिकण मातीही कमी रोधकता दाखवते, म्हणून केवळ आकड्यावर विसंबून भागत नाही, आसपासच्या विहिरींचे थर पाहावे लागतात. उपकरणाची मर्यादा ओळखणे हाही विज्ञानाचाच धडा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो.

घरबांधणीत ‘पाबळ घुमट’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार गावची गरज आणि पुस्तकातले विज्ञान यांच्या अशाच सांगडीतून घडला. बकमिन्स्टर फुलर यांनी प्रसिद्ध केलेल्या जिओडेसिक रचनेत घुमटाचा पृष्ठभाग त्रिकोणांत विभागलेला असतो, आणि बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलता येत नसल्याने हलका सांगाडाही ताठ राहतो. लोखंडी सांगाड्यावर जाळी बसवून तिच्यावर सिमेंटचा पातळ गिलावा दिला, म्हणजे फेरोसिमेंटचे कवच तयार होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची जड छपरे माणसांच्या अंगावर कोसळली होती. त्यानंतर या हलक्या घुमटांकडे लक्ष वेधले गेले. घुमटाच्या गोल भिंतीला कपाट चिकटत नाही, ही गृहिणीची तक्रार मात्र कोणत्याही भूमितीला सोडवता आलेली नाही. घरांखेरीज, जीपचे जुने सुटे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही पाबळला बनवला गेला.

२००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर काढलेल्या आकृतीवरून वस्तू कापणारी, कोरणारी आणि विद्युतमंडले बनवणारी लहान यंत्रे एकत्र ठेवलेली ही कार्यशाळा एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक होती. दूध तपासणे, डिझेल इंजिनाची जुळणी करणे अशा गावच्या गरजांसाठी साधने बनवण्याचे प्रयत्न तेथे झाले. २००३ मध्ये कलबागांचे निधन झाले. पुढे योगेश कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली काम चालू राहिले, आणि शाळांमधील अभ्यासक्रमाच्या प्रसारात पुण्याच्या ‘लेंड अ हँड इंडिया’ या संस्थेचाही हातभार लागला.

जवळच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्याशी असलेले या शिक्षणाचे नाते मात्र सरळ नाही. जुळणीच्या साखळीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराकडून एकाच क्रियेत अचूकपणा अपेक्षित असतो, तर पाबळचा विद्यार्थी वेल्डिंगपासून कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत सारे थोडे थोडे शिकलेला असतो. अशा बहुकौशल्याला कारखान्यात वेगळा दर मिळणे अवघड असते. त्याची खरी किंमत गावात स्वतःचे दुकान थाटणाऱ्याला कळते. म्हणूनच लोखंडी स्टूल बनवून झाले तरी विद्यार्थ्याचे काम तेवढ्यावर संपत नाही: आधी आकृती, मग वस्तू, आणि त्यानंतर वहीत अँगलचे वजन, वेल्डिंगच्या कांड्या, रंग, वीज आणि स्वतःची मजुरी यांचा हिशेब मांडून ते स्टूल किती रुपयांना विकावे ते लिहावे लागते.