नाव तेच, वॅट वेगळे

“कार्ड तेच आहे ना? मग लॅपटॉपमध्ये असलं काय नि डेस्कटॉपमध्ये असलं काय!” गेमिंगसाठी मशीन घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण हे म्हणतो. त्यात त्याची फारशी चूक नाही, कारण दोन्हीकडे नंबर खरोखरच तोच छापलेला असतो.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात एडी१०२ ही चिप, १६,३८४ कुडा कोअर आणि २४ जीबी व्हीरॅम. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये एडी१०३ ही लहान चिप, ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. चिप, कोअर, जीबी, तिन्ही बाबतींत हे डेस्कटॉपचं ४०८० झालं. म्हणजे पैसे ४०९० चे मोजले आणि घरी आलं ४०८०. तेही हात आखडून चालणारं, कारण डेस्कटॉपच्या ४०८० ला ३२० वॅट मिळतात आणि लॅपटॉपमधल्या ४०९० ला फार तर १७५. २०२५ च्या ५०९० मध्ये दरी आणखी रुंदावली: डेस्कटॉपला २१,७६० कोअर आणि ५७५ वॅट, लॅपटॉपला १०,४९६ कोअर आणि वॅट पुन्हा १७५ च्या आतच.

पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाला ‘एम’ लागायचा, उदाहरणार्थ जीटीएक्स ९८०एम. २०१६ मध्ये जीटीएक्स १० मालिकेत तो काढला गेला, आणि तेव्हा ते रास्तही होतं. लॅपटॉपच्या १०७० ला तर २,०४८ कोअर होते, डेस्कटॉपच्या १०७० ला १,९२०. पुढे दोन्हींतलं अंतर वाढत गेलं, ‘एम’ मात्र परत आला नाही. कंपनी नावापुढे ‘लॅपटॉप जीपीयू’ लिहिते, पण जाहिरातीत आणि दुकानदाराच्या तोंडी ते दोन शब्द गळून पडतात. माझ्या लेखी ही सरळ दिशाभूल आहे.

याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप सारखेच चालतात. लॅपटॉपचं ४०६० बनवणारा ३५ वॅटवरही बसवू शकतो आणि ११५ वरही. पातळ, हलक्या मॉडेलमध्ये कमी वॅट, जाडजूड मॉडेलमध्ये जास्त. स्टिकर दोन्हींवर एकच. कोअर मोजूनही फसायला होतं. लॅपटॉपच्या ३०६० मध्ये ३,८४० कोअर आहेत, डेस्कटॉपच्या ३०६० मध्ये ३,५८४. तरी डेस्कटॉप पुढे राहतो, कारण त्याच्या कार्डाला १७० वॅट मिळतात. म्हणून दुकानात मशीन सुरू करून घ्या, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये जा आणि ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’समोरचा आकडा वाचा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

आता उलटी अतिशयोक्ती. वॅट अर्धे म्हणजे फ्रेमही अर्ध्या, असं नसतं. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठीच सगळ्यात जास्त वीज जळते, त्यामुळे वॅट कापले तरी वेग त्या मानाने कमी घटतो. “लॅपटॉपवर खरं गेमिंग होतच नाही” हेही खोटं. डेस्कटॉपचं ४०६० बघा: एडी१०७ चिप, ३,०७२ कोअर, ८ जीबी, ११५ वॅट. लॅपटॉपच्या ४०६० मध्येही हीच चिप, तितकेच कोअर, तितकेच जीबी. पूर्ण वॅट दिलेला आणि नीट थंड राहणारा लॅपटॉप घेतला तर १०८० पी वर फरक शोधावा लागेल. फक्त चार्जर लावलेला हवा. विमानात नेता यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत ठेवतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून दीडशे वॅट ओढू लागले तर ती तासभरही पुरणार नाही, म्हणून चार्जर काढला की मशीन स्वतःच कार्डाचे वॅट उतरवतं.

फ्रेम कमी पडल्या की खापर कार्डावर फोडायची सवय आहे. पुष्कळदा दोष रॅमचा असतो: १६ जीबीची एकच पट्टी लावली की ती एका चॅनलवर चालते, त्याऐवजी ८-८ च्या दोन लावल्या तर काही गेम चांगलेच सुधारतात. दुसरी जागा म्हणजे मक्स स्विच. तो नसेल तर मोठ्या कार्डाने बनवलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून वळसा घालून स्क्रीनवर येते. स्विच असेल तर हा वळसा टळतो.

राहिला पैशांचा प्रश्न. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त वेगवान मिळतो हे खरं, पण त्या हिशेबात मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस धरलेले नसतात. वीज सारखी जाते अशा गावात यूपीएस वगळून चालत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला तर लॅपटॉपशिवाय पर्यायच नाही. त्याने एवढंच ध्यानात घ्यावं की रॅम आणि एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत पुढे वाढवता येतात, ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. पैसे थोडेच असतील तर ते आधी तिच्यावर घालावेत, रॅमची दुसरी पट्टी दिवाळीला येईल.