रेशनचा अंगठा

आधार कार्डावर १२ आकडी नंबर असतो. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी मिळाले. कार्ड काढताना दहा बोटांचे ठसे घेतात. रेशन दुकानात अंगठा ठेवला की यंत्र तो ठसा जुळवून बघते.

पण जाळी ओढून, कोलंबी सोलून कोळीवाड्यातल्या आजीआजोबांच्या बोटांवरच्या रेघा झिजतात. मग यंत्र म्हणते, जुळत नाही. माणूस तर समोरच उभा! यंत्राला नुसत्या रेघा कळतात, माणूस कळत नाही.

ठसा जुळला नाही तरी धान्य नाकारू नका, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवले आहे. रेशनला जाल तेव्हा हे दुकानदाराला सांगा, बरं का!